मुलगा आयतींचे क्रमांक सांगतो आणि मी गप्प होते

पत्राचा सारांश: रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. पती कुवेतला नोकरीला. घरात सासूबाई, दहावीतली मुलगी आणि सुट्टीत घरी येणारा वीस वर्षांचा मुलगा. तो नवी मुंबईत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहतो. पहिल्या वर्षी खोलीतली मुलं त्याला ‘तुमच्यात असं का असतं?’ म्हणून काहीबाही विचारायची आणि तो फोनवर रडायचा, एवढं एक वाक्य त्यांनी जाता जाता लिहिलं आहे. दीड वर्षापासून तो इस्लामचे प्रचारक डॉ. झाकिर नाईक यांची भाषणं मोबाइलवर ऐकतो. पाच वेळची नमाज सुरू झाली, दाढी राखली, याचा आईला आनंदच आहे. पण बहिणीनं स्नेहसंमेलनात गाणं म्हणायचं नाही, दादीनं दर्ग्याला जायचं नाही, यावरून आता घरात वाद होतात. शेजारच्या काकूंशी तीस वर्षांचा घरोबा. ईदला इथून डब्यात सांदणं जातात, गणपतीत त्याच डब्यातून मोदक येतात. यंदा मुलानं तो डबा टेबलावरून उचलला आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवला. दादी काही न बोलता पडवीत जाऊन बसल्या आणि तिथेच त्यांनी एक मोदक खाल्ला. काकू विचारतात, ‘लेक या वेळी फिरकला नाही, बरं नाही का त्याला?’ बाईंचा भाऊ म्हणतो, पोलिसांच्या कानावर घाल. पती म्हणतात, पोरगा नमाजी झाला, कसलं व्यसन नाही, तुला आणखी काय हवं? बाई विचारतात: ‘तो प्रत्येक गोष्टीला कुराणातली सूरा (अध्याय) आणि आयतीचा (वचनाचा) क्रमांक सांगतो. मला तेवढं येत नाही, म्हणून मी गप्प बसते. त्याचं बरोबर आहे का? मोबाइल काढून घेऊ का? माझं मूल हातचं जातंय का?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा पडवीतल्या त्या डब्यापाशी थांबले. सासूबाई उठून पडवीत गेल्या आणि नातवाला एक शब्दही न बोलता त्यांनी मोदक खाल्ला. तुमच्या घरात या प्रश्नावर सगळ्यात स्वच्छ भूमिका त्यांनी घेतली आहे असं मला वाटतं. त्यांच्याकडे मी पुन्हा येईन.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी मुस्लिम नाही. पंचवीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आता मुलांचं आणि पालकांचं समुपदेशन करते. म्हणून दीनमध्ये, म्हणजे तुमच्या धर्मात, काय बसतं आणि काय बसत नाही, हे मी तुम्हाला सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही. पण वीस वर्षांच्या मुलाला अशा भाषणांत काय सापडतं, त्यातल्या कोणत्या गोष्टींची काळजी करावी आणि कोणत्या सोडून द्याव्यात, यावर मी बोलू शकते.

भावाच्या सल्ल्याचं आधी बघू, कारण झोप उडाली आहे ती त्यानेच. नमाज, दाढी, गाण्याबद्दल नाराजी, प्रसाद न घेणं, यातली एकही गोष्ट पोलिसांकडे नेण्यासारखी नाही. प्रसाद न खाणारे, आरतीला उभे न राहणारे आणि तरी शेजाऱ्याच्या दुखण्याखुपण्याला पहिले धावून जाणारे कितीतरी मुसलमान तुम्हीही पाहिले असतील. धार्मिक होणं आणि कडवं होणं यांत अंतर आहे. आपल्याकडे मुसलमान मुलाच्या बाबतीत ते अंतर पाहायची तसदी फार थोडे लोक घेतात, आणि तुमचा भाऊही भीतीपोटी तेच करतो आहे. मुलाला उद्या कळलं की मामूनं आपलं नाव पोलिसांत दिलं, तर तो परत तुमच्याशी मोकळं बोलेल का?

मोबाइलही काढून घेऊ नका. वीस वर्षांच्या मुलाचा फोन काढून घेता येत नाही, तो नवी मुंबईत दुसरा घेईल. शिवाय फोन काढून घेतलात की ‘खरं बोलणाऱ्याचा आवाज बंद करतात’ हे त्याला घरातच सिद्ध करून मिळेल.

आता नाईकांबद्दल. तुम्ही लिहिलंय की तुम्ही त्यांचं एकही भाषण पूर्ण ऐकलेलं नाही. ऐकलं पाहिजे. मुलगा रोज ज्यांचं ऐकतो ते गृहस्थ कोण, हे आईला ठाऊक असायला हवं. झाकिर नाईक १९६५ साली मुंबईत जन्मले. वडील डॉक्टर, हे स्वतः नायर हॉस्पिटलच्या टोपीवाला कॉलेजातून एमबीबीएस झालेले. लहानपणी तोतरे बोलायचे, हे त्यांनीच सांगितलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेतले प्रचारक अहमद दीदात (मूळचे सुरतकडचे) यांना ऐकून ते भारावले. १९९१ मध्ये डोंगरीला त्यांनी इस्लामिक रिसर्च फाउंडेशन काढलं आणि वैद्यकी सोडली. २०००च्या एप्रिलमध्ये शिकागोला विल्यम कॅम्पबेल या ख्रिस्ती डॉक्टरांशी आणि २००६च्या जानेवारीत बंगळूरला श्री श्री रविशंकर यांच्याशी जाहीर वाद झाले. त्यांच्या चित्रफिती घरोघर फिरल्या. त्याच वर्षी दुबईहून पीस टीव्ही सुरू झाला. पुढे तो उर्दूत आणि बंगालीतही आला, पण भारतात प्रक्षेपणाची परवानगी त्याला कधी मिळाली नाही. इकडची मुलं त्यांना केबलवर, सीडीवर आणि नंतर मोबाइलवर ऐकत आली.

मी त्यांना प्रत्यक्ष एकदाच ऐकलं. चुनाभट्टीच्या सोमय्या मैदानावर त्यांची दहा दिवसांची परिषद असायची, तिथे माझ्या शाळेतली एक सहकारी मला घेऊन गेली होती. बायकांची बसायची सोय वेगळी. सूट, टाय, डोक्यावर जाळीची टोपी. समोर कागद नाही. भाषण संपलं की प्रश्नोत्तरं, आणि त्यात बिगरमुस्लिमांना आधी संधी. एक मध्यमवयीन माणूस माइकसमोर आला. हातातला कागद थरथरत होता. त्यानं अडखळत प्रश्न वाचला. उत्तर सुरू झालं ते थेट आकड्यांत: अमुक सूरा, तमुक आयत, मग बायबलचा अध्याय, मग उपनिषदाचा श्लोक. टाळ्या पडल्या. त्या माणसाला पुन्हा काहीतरी विचारायचं होतं, त्याचे ओठ हलताना मला दिसले. पण दुसरा प्रश्न विचारायचा तर रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं, असा नियम होता. तो मान खाली घालून परत गेला. माझ्या सहकारी मैत्रिणीच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. परत येताना लोकलमध्ये ती म्हणाली, ‘आयुष्यभर आम्हीच उत्तरं देत आलो गं. आज पहिल्यांदा आमच्याकडून कुणीतरी पटापट उत्तरं दिली.’

ताई, तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते वाक्य मला इथे आठवलं. पहिल्या वर्षी खोलीतली मुलं विचारायची आणि तुमचा मुलगा फोनवर रडायचा. मराठी शाळेत शिकलेला, घरापासून पहिल्यांदा लांब गेलेला मुलगा. त्याला रोज आपल्या धर्माचा जबाब द्यावा लागत होता आणि त्याच्याकडे जबाब नव्हता. तेव्हा त्याला असा एक माणूस मिळाला, जो इंग्रजीत बोलतो, डॉक्टर आहे, कधी अडखळत नाही आणि प्रत्येक प्रश्नाला क्रमांकासकट उत्तर देतो. तो द्वेष शिकायला तिकडे गेला नव्हता. मान ताठ कशी ठेवायची, हे शिकायला गेला होता. तुम्ही त्याच्याशी पहिलं बोलणं डब्यावरून सुरू करू नका. त्या पहिल्या वर्षावरून करा. ‘तेव्हा तुला फार त्रास झाला, मी इतक्या लांबून नुसतं “दुर्लक्ष कर” म्हणत राहिले,’ असं म्हणा. आणि मग तो काय बोलतो ते मध्ये न तोडता ऐका, अर्धा तास लागला तरी.

आता तुमच्या मनातला जो समज मला सगळ्यात जास्त खटकला, त्याबद्दल. ‘त्याला क्रमांक येतात, मला येत नाहीत, म्हणून मी गप्प बसते.’ का बरं? पत्ता पाठ असणं वेगळं आणि त्या घरात राहिलेलं असणं वेगळं. तुम्ही पंचेचाळीस वर्षं हा धर्म जगला आहात. रोजे धरलेत, जकात (धर्मानं सांगितलेलं दान) दिलीत, सासऱ्यांचं शेवटचं आजारपण काढलंत. नाईकांचं पाठांतर विलक्षण आहे हे त्यांचे टीकाकारही मान्य करतात. पण ते एमबीबीएस आहेत. मदरशात वर्षानुवर्षं बसून, गुरूकडून ग्रंथ घेऊन झालेले आलिम, म्हणजे धर्मपंडित, नव्हेत. यावरून त्यांच्यावर सर्वांत कडक टीका हिंदूंनी केलेली नाही, मुसलमान उलेमांनी केली आहे. दर्गे मानणारे बरेलवी पंथाचे उलेमा त्यांच्या विरोधात, देवबंदच्या मदरशाचे मुफ्ती त्यांच्यापासून सावध राहा म्हणून सांगणारे. २००७ मध्ये सोमय्या मैदानावरच त्यांनी यजीदच्या (ज्याच्या सैन्यानं करबल्यात प्रेषितांचे नातू हुसैन यांना मारलं, त्या खलिफाच्या) नावापुढे आदराचा शब्द उच्चारला तेव्हा शिया तर दुखावलेच, सुन्नींमधूनही मोठा गदारोळ झाला. तेव्हा मुलगा ‘इस्लाम असं सांगतो’ म्हणाला, की तुम्ही शांतपणे ‘नाईकसाहेब असं सांगतात’ अशी दुरुस्ती करा. भांडणाच्या सुरात नको. शाळेत मुलांचं वाक्य सुधारता तशी.

कोकणातले मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या इस्लामी धर्मशास्त्राच्या शाफई पंथाचे, हे तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊकच असेल. दादी माहीमच्या दर्ग्याला जातात असं तुम्ही लिहिलंय. तिथे ज्यांची मजार आहे ते मखदूम अली माहिमी सहाशे वर्षांपूर्वीचे शाफई विद्वान होते, आणि त्यांनी अरबीत कुराणाचं भाष्य लिहिलेलं आहे. दर्ग्यावर जाऊन मागणं मागावं की नाही, यावर मुसलमानांतच जुना मतभेद आहे आणि त्यात मी पडणार नाही. पण ‘दादी अडाणी आहे, तिला दीन कळत नाही’ असं म्हणणाऱ्या नातवाला एवढं नक्की सांगा, की दादी ज्यांच्या दारात जाते ते आपल्याच किनाऱ्यावरचे आलिम होते. त्यांचं लिहिलेलं काही वाचायला मिळतं का, हे त्यानं शोधावं. एवढ्या कामात त्याची सुट्टी छान जाईल, आणि मी हे मनापासून सांगते आहे.

नाईकांची मतं तुम्हाला नीट माहीत असावीत, कारण त्यातली काही नुसती कर्मठ आहेत आणि काही माणसाला माणसापासून तोडणारी. संगीत हराम, नाताळच्या शुभेच्छाही देऊ नयेत, ही पहिल्या प्रकारची. ती ज्याला पाळायची त्यानं पाळावीत. पण इस्लाम सोडून त्याविरुद्ध प्रचार करणाऱ्याला इस्लामी राज्यात देहदंड असावा, हे त्यांचं म्हणणं दुसऱ्या प्रकारचं आहे. ओसामा बिन लादेन अमेरिकेला दहशत बसवत असेल तर आपण त्याच्या बाजूचे, प्रत्येक मुसलमानानं दहशतवादी असावं, असं ते एका जुन्या भाषणात म्हणाले. चोराला पोलिसाची दहशत वाटते त्या अर्थानं आपण ते बोललो, असा खुलासा त्यांनी नंतर केला. निरपराधांची हत्या इस्लामला मान्य नाही, आयसिस ही इस्लामविरोधी आहे, असंही ते म्हणत आले आहेत. दोन्ही गोष्टी मुलासमोर ठेवा. एकच ठेवलीत तर तो दुसरी काढून दाखवेल आणि तुम्हाला खोटं पाडेल.

त्यांचा एक दृष्टान्त तर तुम्ही, शिक्षिका म्हणून, मुद्दाम ऐकावा असा आहे. इस्लामी देशात इतर धर्मीयांना प्रार्थनास्थळं बांधू का देत नाहीत, या प्रश्नावर ते गणिताच्या शिक्षकाचं उदाहरण देतात: दोन आणि दोन तीन होतात असं सांगणाऱ्याला तुम्ही शाळेत शिकवायला ठेवाल का? धर्माच्या बाबतीत दोन आणि दोन चार हे आम्हालाच माहीत आहे, तर मग चुकीचं शिकवणाऱ्यांना मुभा कशी द्यायची? ऐकताना हे बिनतोड वाटतं. पण ताई, तुमच्या वर्गात एखादं पोर दोन आणि दोन तीन म्हणालं तर तुम्ही काय करता? चिंचोके मांडता, त्याला स्वतः मोजू देता. गणितात मोजून बघता येतं, म्हणूनच तिथे चूक आणि बरोबर ठरतं. देव कसा आहे, हे चिंचोके मांडून कोण दाखवणार? आणि हेच नाईक शिकागोत, बंगळूरला, मुंबईच्या मैदानावर इतरांचा धर्म कसा चुकीचा हे तासन्‌तास सांगू शकले, कारण तिथे दुसऱ्याला बोलू देण्याची रीत होती. हे मुलाला विचारा. त्यानं लगेच उत्तर द्यावं अशी अपेक्षा करू नका. प्रश्न त्याच्याजवळ राहू द्या.

विज्ञानाचा विषय निघाला तर ती माझी जागा आहे, तिथे मी ठामपणे बोलेन. उत्क्रांतीवर त्यांचं एक पाचेक मिनिटांचं उत्तर खूप फिरतं. तुमचा मुलगा इंजिनिअर होणार आहे ना? त्याला म्हणा, आपण दोघं बसून हे एकच उत्तर वाक्यागणिक थांबवून तपासू. भाषणावर वाद नाही, नुसती तपासणी. बीगल जहाजावरून डार्विन ज्या बेटावर गेला म्हणून ते सांगतात, त्या नावाचं बेट नकाशात सापडणार नाही. डार्विन १८३५ मध्ये पोचला तो गॅलापागोस बेटांवर. ‘हा केवळ सिद्धान्त आहे, सत्य नव्हे’ असं ते म्हणतात. पण विज्ञानात सिद्धान्त म्हणजे अंदाज नव्हे. पुराव्यांनी वारंवार तपासून टिकलेल्या स्पष्टीकरणाला सिद्धान्त म्हणतात, आणि मुलगा रोज कॉलेजात ज्या गतीच्या आणि विजेच्या सिद्धान्तांवर गणितं सोडवतो ते याच अर्थानं सिद्धान्त आहेत. इतक्या वेगानं, इतक्या आत्मविश्वासानं सांगितलेली गोष्टही चुकीची असू शकते, हे एकदा त्याच्या स्वतःच्या हातून सिद्ध झालं पाहिजे. तुम्ही सांगून ते होणार नाही. धर्मावरच्या वादात तो तुम्हाला हरवेल. पण नकाशा आणि पाठ्यपुस्तक घेऊन तो स्वतः बसला, तर पुढच्या वेळी क्रमांक ऐकताना मूळ पान उघडून बघायची सवय लागेल. आयत उघडून तिच्या मागची-पुढची वाचायची, दोन-तीन भाषांतरं ताडून बघायची. ही सवय त्याच्या श्रद्धेच्या आड येणारी नाही, हेही त्याला सांगा.

घरातले नियम मात्र तुम्ही ठरवायचे आहेत, आणि यात तुम्ही कमी पडलात असं मला स्पष्ट दिसतं. त्याचं खाणं, त्याची प्रार्थना, त्याची दाढी हा त्याचा प्रश्न. त्याला मोदक नको असेल तर त्याच्या ताटात वाढू नका, त्यावर टोमणेही नकोत. पण बहिणीचं गाणं हा त्याचा प्रश्न नाही. दादींचं दर्ग्याला जाणं हा त्याचा प्रश्न नाही. आणि दुसऱ्यानं प्रेमानं पाठवलेला डबा उचलून बाहेर ठेवायचा हक्क त्याला या घरात कुणी दिलेला नाही. तुमची लेक दहावीला आहे. भाऊ सुट्टीत येतो तेव्हा ती गुणगुणायचं बंद करते, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर तुम्ही काहीच केलेलं नाही, हे वाचून मला वाईट वाटलं. मुलगा दुखावेल म्हणून तुम्ही मुलीला गप्प बसू देता आहात. स्नेहसंमेलनात तिला गायचं असेल तर ती गाईल, आणि हे तुम्ही तिच्यासमोर आणि त्याच्यासमोर, दोघांच्या देखत सांगायचं आहे.

तुमच्या पतींनाही फोनवर हेच सांगा. ‘व्यसन नाही ना, मग झालं’ हे लांबून सोपं वाटतं. त्यांना विचारा, लेक घाबरून गप्प बसते आणि म्हातारी आई पडवीत जाऊन जेवते, हे चालेल का तुम्हाला? मुलाला बापाचं ऐकायची सवय असेल तर हे वाक्य बापाच्या तोंडून यायला हवं. शक्य असेल तर तुमच्या जमातीतला जो कुणी वाचलेला, शांत डोक्याचा माणूस असेल, मशिदीत प्रवचन देणारे खतीब असतील किंवा एखादे निवृत्त शिक्षक असतील, त्यांच्याकडे मुलाला चार वेळा पाठवा. त्याच्या वयाच्या मुलाला ज्याच्याशी वाद घालता येईल, ज्याला उलट प्रश्न विचारता येईल असा माणूस हवा. मोबाइलवरच्या माणसाला उलट प्रश्न विचारताच येत नाही.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण असंच पत्र आणखी दोन आयांकडून आलं आहे. ब्रिटननं आणि कॅनडानं २०१० मध्ये नाईकांना प्रवेश नाकारला. सौदी अरेबियानं २०१५ मध्ये त्यांना किंग फैसल पुरस्कार दिला. २०१६च्या जुलैत ढाक्याच्या होली आर्टिझन बेकरीवर हल्ला झाला. हल्लेखोरांपैकी एक जण त्यांना फेसबुकवर मानत होता अशा बातम्या आल्या आणि बांगलादेशानं पीस टीव्ही बंद केला. आपण हिंसेला कधीच चिथावणी दिली नाही, असं नाईक म्हणतात. त्या वेळी ते परदेशात होते, ते परतले नाहीत. आता ते मलेशियात असतात. तिथेही २०१९ मध्ये हिंदू आणि चिनी मलेशियनांबद्दल बोलल्यावर जाहीर भाषणांवर बंदी आली आणि त्यांना माफी मागावी लागली. भारतात त्यांच्यावर एनआयए आणि ईडीचे गुन्हे आहेत. न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलेलं नाही, हेही लक्षात असू द्या. पण त्यांच्या फाउंडेशनवर नोव्हेंबर २०१६ मध्ये यूएपीए या बेकायदा कारवायांविरुद्धच्या कायद्याखाली पाच वर्षांची बंदी आली, २०२१ मध्ये ती आणखी पाच वर्षांनी वाढवली गेली. नुसतं जुनं भाषण ऐकणं हा गुन्हा नव्हे. बंदी असलेल्या संघटनेचं सदस्य होणं, तिच्यासाठी पैसे गोळा करणं किंवा देणं हा मात्र गुन्हा आहे. जकात किंवा सदका (ऐच्छिक दान) म्हणून कुणी ऑनलाइन मागितलं आणि मुलानं भाबडेपणानं पाचशे रुपये पाठवले, असं होता कामा नये. हे त्याला आई म्हणून स्पष्ट शब्दांत सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं तर ती धमकी वाटणार नाही.

खरी काळजी कधी करायची, तेही विचारलंत. नवे ‘भाई’ निघाले आणि त्यांची नावं तो घरी सांगत नाही, फोनवर लपून बोलतो, जुने सगळे मित्र तोडले, परीक्षा सोडायची किंवा देश सोडून जायची भाषा करतो, एखाद्या हत्येचं समर्थन करतो, पैशाचा हिशेब लागत नाही. असं दिसलं तर एक दिवसही वाट पाहू नका. घरातल्या विश्वासू वडीलधाऱ्याला घ्या, समुपदेशकाला भेटा, वकिलाचा सल्ला घ्या. कुणाच्या जिवाला धोका दिसत असेल तर पोलिसांकडेही जावं लागेल. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकानं भरकटलेल्या मुलांना अटक न करता समुपदेशनानं घरी परत आणलेलं आहे. पण तुमच्या पत्रात यातलं एकही लक्षण मला दिसलं नाही. मला दिसला तो ताठ मानेनं जगायला धडपडणारा, जरा उद्धट झालेला, परीक्षा वेळेवर देणारा आणि आईला दर रविवारी फोन करणारा मुलगा. तुम्हाला रात्र रात्र झोप लागत नाही म्हणता, तर स्वतःसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर एकदा बोला. तिथे मराठीत बोलता येतं.

आणि काकू. त्यांना ‘बरं नव्हतं’ असं खोटं सांगू नका, त्यांना ते कळलेलंच असणार. ‘पोरगा सध्या धर्माचं फार वाचतोय, प्रसाद नको म्हणतो, पण तुमच्यावर राग नाही त्याचा’ असं सरळ सांगा. तीस वर्षं घरोबा असलेल्या बाईला इतकं सत्य पेलतं. मुलालाही सांगा, आरतीला उभं राहू नकोस, मोदक खाऊ नकोस, पण काकूंना जाऊन भेटून ये. लहानपणी तुला ताप आला तेव्हा रात्री दोन वाजता रिक्षा त्यांनीच आणली होती, हे तुम्हीच लिहिलंय. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल त्याच्या धर्मात काय सांगितलंय, ते त्यालाच शोधायला लावा. ते त्याला क्रमांकासकट सापडेल.

दिवाळीच्या सुट्टीत तो घरी येईल तेव्हा काकूंकडून फराळाचा डबा येईलच. त्याआधी एक संध्याकाळ त्याच्याशी पहिल्या वर्षाबद्दल बोलून घ्या. दादींनाही त्या वेळी शेजारी बसवा. त्या बोलतील असं मला वाटतं. काय झालं ते मला नक्की लिहा.